घरोघरी विज्ञान : जुन्या पैठणीची जर काळी का पडते?

जुन्या कपड्यांच्या विक्रीत ‘आजेसासूबाईंची पैठणी’ म्हणून ठेवलेली साडी दिसली, की आधी जर बघावी. ती नव्यासारखी लखलखत असेल, तर जरा थांबावं.

खऱ्या जरीत मध्ये रेशमाचा धागा असतो. त्याभोवती चांदीची चपटी, बारीक तार गुंडाळतात आणि वर सोन्याचा पातळ मुलामा देतात. सोनं हवेला दाद देत नाही. पण नेसून, घड्या घालून मुलामा झिजला की चांदी उघडी पडते. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी तिचा संयोग होऊन काळसर थर बसतो. देवघरातलं चांदीचं निरांजन काळवंडतं, तेच इथे धाग्यावर घडतं. खरवडल्यावर लालसर झाक दिसली, तर आत तांबं आहे. प्लास्टिकची जर मात्र अशी काळी पडतच नाही.

काळेपणावरून वय ठरत नाही. वाईट जागी ठेवली तर नवी जरही काळवंडते. म्हणून पदर उलटा करून पाहा. अस्सल विणकामाची ही खूण मला सर्वांत भरवशाची वाटते. हातमागावर विणकर प्रत्येक रंगाचा धागा नक्षीपुरताच नेतो, शेजारच्या धाग्यात अडकवतो आणि मागे वळवतो. त्यामुळे मोर, कमळ, मुनिया दोन्ही बाजूंनी जवळपास सारखेच दिसतात. यंत्रमागावरच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेली टोकं हाताला लागतात.

वयासाठी घड्या तपासा. रेशीम हे प्रथिन. उजेड आणि हवा त्याच्या लांब साखळ्या हळूहळू तोडतात, आणि सतत दुमडलेल्या रेषेवर ते आधी चिरतं. लांबीही मोजा : जुनी पैठणी बहुधा नऊवारी असते.