गणित घेतेस? पण कशाला?

"तूच सांग आता तिला दोन शब्द. तुझं ऐकेल ती," असा ताईचा फोन गेल्या वर्षी धनत्रयोदशीला आला, तेव्हा मी चिवड्यासाठी खोबऱ्याचे काप करीत बसलो होतो. 'ती' म्हणजे माझी भाची. पुण्याच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला, मुख्य विषय अर्थशास्त्र. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण जोडीला तिने गणित घेतले होते, आणि सत्राच्या मधल्या परीक्षेत तिला वीसपैकी सात गुण पडले होते. दहावीला चौऱ्याण्णव मिळवणारी पोर! भावोजींचे म्हणणे असे की, एखादा सोपा विषय घ्यावा, टक्के राखावेत, म्हणजे पुढची वाट मोकळी राहते. पुढल्या सत्राला विषय बदलण्याची सवलत कॉलेजने ठेवलेली होती. अर्जाचा कागदही घरी येऊन पडला होता.

आता हे सांगायला मीच का? तर गणित सोडून सुखी झालेला माणूस म्हणून आमच्या घराण्यात माझा लौकिक आहे. पहिल्या वर्षाच्या गणिताने मला असे काही घोळसले की, दुसऱ्या वर्षी मी मराठीच्या वर्गात जाऊन बसलो. पुढे बँकेत चिकटलो, तेहतीस वर्षे नोकरी केली, निवृत्त झालो. काही अडले नाही, असे सगळे म्हणतात. मीही म्हणत आलो.

हा जोडीचा विषय आपल्याला अगदीच नवा नाही. आमच्या वेळी बी. ए.ला एक विषय स्पेशल आणि बाकीचे जनरल असत. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने त्याला 'मेजर' आणि 'मायनर' ही नावे दिली. (मायनर म्हटले की मला अजून कोर्टातला अज्ञान वारसच आठवतो!) विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या डिसेंबरात जो आराखडा काढला, त्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिटे धरली आहेत, त्यांतली मायनरला निदान २४. एका क्रेडिटला वर्गातले पंधरा तास. म्हणजे तीन वर्षांत ३६० तास. ऐकायला हे थोडे वाटते. पण गणिताच्या एका तासामागे घरी दोन तास वही घेऊन बसावे लागते, हे कोणत्याही आराखड्यात लिहिलेले नसते.

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी भाचीला गच्चीत गाठले आणि म्हटले, "काय गं, सात?"

"मामा, गणितं येत होती रे. 'सिद्ध करा' म्हटलं की हात थांबतो."

हे ऐकले आणि मला माझे पहिले वर्ष आठवले. शाळेत गणित म्हणजे उत्तर काढणे. कॉलेजात उत्तर आधीच छापलेले असते. ते खरे कशावरून, एवढेच विचारतात. पहिला दणका बसतो तो 'लिमिट'चा. एखादी राशी दुसऱ्या राशीच्या जवळ जाते, असे शाळेत आपण खुशाल म्हणतो. कॉलेजातला मास्तर विचारतो, जवळ म्हणजे किती जवळ? तुम्ही मला फरक सांगा, कितीही बारीक. त्याला म्हणायचे एप्सिलॉन. मग मी तुम्हाला सांगतो की, तेवढ्या फरकात राहण्यासाठी कुठवर सरकून उभे राहावे लागेल, तो डेल्टा. तुम्ही कितीही चिकटपणा करा, माझ्याकडे दर वेळी उत्तर असले पाहिजे. तरच 'जवळ' हा शब्द वापरण्याचा मला अधिकार! एवढ्या साध्या गोष्टीत पोरांचे तीन-तीन महिने जातात, आणि माझे तर वर्ष गेले.

"मग सोडायचं का?" मी विचारले. त्यासाठीच तर मला बोलावले होते.

"सोडलं तर अर्थशास्त्रातलं अर्धं मला पाठ करावं लागेल," ती म्हणाली.

त्यात अतिशयोक्ती होती, पण थोडीच. एक नग जास्त काढायला येणारा सीमांत खर्च, म्हणजे कलनशास्त्रातले डेरिव्हेटिव्हच. पोलादाला कोळसा लागतो आणि कोळशाच्या खाणीला पोलाद लागते, अशा साऱ्या देशाच्या देवघेवीचा ताळेबंद लिऑन्टिएफ यांनी मांडला आणि १९७३ साली त्यांना नोबेल मिळाले. तो ताळेबंद मॅट्रिक्सवाचून सुटत नाही. अर्थशास्त्राला आज ओळखतो ते रूप देणाऱ्यांतले आल्फ्रेड मार्शल हे १८६५ साली केंब्रिजला गणितात दुसरे आलेले. गंमत अशी की, पुढे त्यांनीच एका पत्रात सल्ला दिला की गणित करावे, साध्या भाषेत उतरवावे, आणि मग ते गणित जाळून टाकावे. जाळायला आधी हातात असावे लागते, ही गोष्ट निराळी.

आपल्याकडचे उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबींचे. त्यांचा संसार उलटा: पोटापाण्याला गणित आणि जोडीला इतिहास. पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत असताना त्यांनी चांदीची प्राचीन आहत नाणी बारीक तराजूत तोलायला घेतली. नाणे हातोहात फिरले की झिजते. जितके जुने तितके हलके. शिवाय सगळी सारखी झिजत नाहीत, म्हणून जुन्या नाण्यांच्या वजनांत तफावतही जास्त. एवढ्या धाग्यावरून त्यांनी कोणती नाणी आधीची, कोणती नंतरची हे लावायची रीत बसवली. नाण्यावर राजाचे नाव नाही, साल नाही; आणि तराजूने इतिहास सांगितला! नुसत्या इतिहासकाराला ही युक्ती सुचती ना, आणि नुसत्या गणितज्ञाला नाणी हातात घ्यावीशी वाटती ना.

मात्र म्हणून घरोघरच्या मुलांना कोणी या वर्गात कोंबू नये. अकरावी-बारावीला गणित सोडलेल्याने तर भलते धाडस करूच नये. मुख्य विषयाचे आणि गणिताचे तास एकमेकांवर येतात की नाही, तेही वेळापत्रकात आधी पाहावे. आणि टक्के कमी होतात, हे भावोजींचे म्हणणे खोटे नाही.

आम्ही खाली आलो तर भावोजी फराळाच्या ताटापाशीच घराच्या कर्जाचा कागद उघडून बसले होते. पन्नास लाख, नऊ टक्के, वीस वर्षे. महिन्याचा हप्ता ४४,९८६ रुपये. "पहिल्या हप्त्यात मुद्दल फिटलं फक्त ७,४८६, बाकीचं सगळं व्याज," ते करवादले. "निम्मं कर्ज फिटायचं कधी?"

"चौदा वर्षांनी," भाची म्हणाली. कागद न बघता.

"चौदा? दहा नव्हे?"

"व्याजाचा दर हाच राहिला तर चौदा. शेवटच्या सहा वर्षांत बाकीचं निम्मं."

चौदा वर्षे म्हणजे रामाचा वनवास, असे काहीतरी मी बोललो. कोणी हसले नाही. मला स्वतःलाच हसू येईना. असे तक्ते मी तेहतीस वर्षे लोकांपुढे सरकवले होते. सही इथे करा, इथे करा. निम्मे कधी फिटते हे एकाही गिऱ्हाइकाने विचारले नव्हते, आणि विचारले असते तर मला ते सांगता आले नसते.

"पहिल्यापासून महिन्याला पाच हजार जास्त भरले असते तर?" भावोजींनी विचारले. आवाज जरा उतरला होता.

तिने हाताशी आला तो कागद ओढला, मोबाइलवर लॉग काढला, दोन ओळी लिहिल्या. "साडेचार वर्षं आधी सुटका."

"पाच फार होतात. तीन?"

स्वयंपाकघरात ताईने मला हळूच विचारले, "बोललास का तिच्याशी?"

"बोललो."

"मग?"

तेवढ्यात बाहेरून भाचीचा आवाज आला, "तीन हजारांनी तीन वर्षं, बाबा!" भावोजींनी तो कागद तिच्या हातून घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला. विषय बदलण्याचा अर्ज होता तो. हिशेब मागच्या कोऱ्या बाजूला केला होता.