एकदा कापा, आठ पानं मिळवा!

मोठ्या चादरीएवढं हिरवंगार चौकोनी कापड घ्या. मधोमध दुमडा. पुन्हा एकदा दुमडा. तिसरी घडी मात्र तिरकी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. झाला आठ थरांचा त्रिकोण! त्यावर कागदी साचा टाचायचा आणि सावकाश कात्री चालवायची. घड्या उलगडल्या की मधल्या बिंदूपासून चहूकडे पानंच पानं. आठही भाग तंतोतंत सारखे, फक्त शेजारशेजारचे भाग आरशात पाहिल्यासारखे उलटे. गणितात याला सममिती म्हणतात.

प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवरची पारंपरिक रजई अशी सुरू होते. पूर्वी तिथले लोक वाउके नावाच्या झाडाची साल कुटून कुटून 'कापा' नावाचं कापड बनवत आणि त्याचे थर शिवून पांघरत. 1820 मध्ये अमेरिकेतून मिशनरी आले. त्यांच्या बायकांनी तुकडे जोडून रजई शिवायला शिकवलं. हवाईच्या बायकांनी सुई-दोरा उचलला आणि पुढे नक्षी स्वतःची घडवली: एकरंगी कापडावर दुसऱ्या रंगाचं अखंड कापलेलं झाड!

आता एक गंमत करून पाहा. रुमाल समोरासमोरच्या कडा धरून ओढा. फारसा ताणला जात नाही ना? आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा. केवढा लांबला! उभ्या-आडव्या धाग्यांमधले इवले चौकोन तिरके दाबले जातात, म्हणून असं होतं. शिंपी या तिरक्या दिशेला उरेब म्हणतात. रजईच्या त्रिकोणाची एक घडी धाग्याच्या दिशेनं असते, दुसरी नेमकी उरेब. जरा जोरात ओढलं की पान वाकडं झालंच! म्हणून उलगडलेली नक्षी हलक्या हातानं पसरून आधी कच्च्या टाक्यांनी बसवतात, तेही मधून बाहेर. मग सुईच्या टोकानं कड आत दुमडत बारीक टाके घालतात. खाली भरणीचा थर आणि अस्तर लावलं, की आपल्या गोधडीसारखा धावदोरा सुरू होतो. फक्त तो पानाच्या कडेकडेनं, वळणावळणानं फिरतो.

हे सगळं मुलांना कसं शिकवतात? पहिली नक्षी बहुतेकदा 'उलु'ची, म्हणजे कोकणात ज्याची कापं तळतात त्या निरफणसाची. उलुपासून सुरुवात केली की घरात अन्नाला तोटा पडत नाही, असं तिथं मानतात. पूर्ण रजईला कित्येक महिने, कधी वर्षाहूनही जास्त वेळ लागतो. म्हणून नवशिक्यांना आधी उशीचा अभ्रा! साचा असतो नक्षीच्या जेमतेम आठव्या भागाचा. तो कागद जपून ठेवता येतो, पण आतल्या कोपऱ्यात कड कशी दुमडायची, दोरा किती ओढायचा, हे कागदावर कसं उतरणार? त्यासाठी शिकवणाऱ्याच्या शेजारीच बसावं लागतं.

पूर्वी घराण्याची नक्षी घराबाहेर जात नसे. म्हणूनच ज्यांनी ती मोकळेपणानं वाटली, त्यांचं मला फार कौतुक वाटतं. मेआलीई कलामा यांना रजईच्या या कलेसाठी 1985 मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. पोआकलानी आणि जॉन सेराओ या जोडप्यानं 1972 पासून वर्ग चालवले. जॉन नक्षी काढायचे आणि पोआकलानी टाके शिकवायच्या. त्या दोघांनंतर त्यांच्या मुलींनी ते वर्ग पुढे चालू ठेवले.