शिफारस मान्य झाली, पुढे काय? एसटी, कॅग आणि विधिमंडळाची समिती

मंडळी, इथे वारंगा फाट्यावर नांदेड-हिंगोली रस्ता आणि नागपूर-तुळजापूर महामार्ग एकमेकांना छेदतात. गाडी आली की नाही, हे इथे उभ्या माणसाला कागदावर शोधावं लागत नाही, डोळ्यांना दिसतं. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी लेखापरीक्षणावर का बोलावं, असं कुणाच्या मनात आलं असेल. कारण हे दिसणंच आहे. त्याकडे आम्ही येऊच.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. पुढे 1950 च्या रस्ता परिवहन महामंडळ कायद्याची चौकट आली, आणि त्या कायद्याने हिशेब तपासण्याचं काम नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडे, म्हणजे आपल्या बोलीतल्या 'कॅग'कडे दिलं. कॅग नुसती बेरीज-वजाबाकी बघत नाही. गाड्या किती काळ उभ्या राहिल्या, डिझेल किती लागलं, खरेदी कशी झाली, हेही बघते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 151 प्रमाणे राज्याचा अहवाल राज्यपालांकडे जातो, तिथून विधिमंडळात. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा येतो, आणि आपण समजतो की विषय संपला.

खरं तर तिथे तो सुरू होतो. कॅग हुकूम देऊ शकत नाही, फक्त शिफारस करते. तिचा पाठपुरावा करते विधिमंडळाची सार्वजनिक उपक्रम समिती. ती खात्याकडून लेखी खुलासा मागवते, सचिवांची साक्ष घेते, मग स्वतःच्या शिफारशी करते. त्यावर खात्याने काय केलं, हे पुन्हा कळवायचं असतं.

हे 'कळवणं' नीट समजून घ्या. लोकसभेच्या समित्या अशा उत्तरांचे चार गट करतात. सरकारने मान्य केलेल्या शिफारशी. उत्तर पाहून समितीने सोडून दिलेल्या. जिथे उत्तर समितीला पटलं नाही त्या. आणि जिथे उत्तर अजून अंतरिम आहे त्या. आमच्या मते तिसऱ्या गटाची भीती नाही, तिथे निदान भांडण उघड आहे. धोका पहिल्या आणि चौथ्या गटात. 'मान्य' म्हणजे 'झालं' नव्हे. आणि 'कार्यवाही सुरू आहे' हे वाक्य वर्षानुवर्षं खोटं न ठरता टिकू शकतं! दरम्यान समितीचे सदस्य बदलतात, सचिव बदलतात. फाइल तेवढी तिथेच असते.

आता आमचा प्रांत. न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानतं, पण आप्ताच्या शब्दाला. म्हणजे ज्याला गोष्ट माहीत आहे आणि जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, त्याच्या. इथे काम करणारा आणि काम झालं म्हणून सांगणारा एकच. त्याला माहीत आहे, हे कबूल. पण त्याच्या सांगण्याला प्रत्यक्षाची जोड नको का?

शिवाय सरकार नुसतं विचारणारं नाही, देणेकरीही आहे. आमच्यासारख्या पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून फुकट प्रवास, 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट. चांगलंच आहे, आम्हीही त्याच पासावर फिरतो. पण त्या सवलतीचे पैसे सरकारने महामंडळाला द्यायचे असतात. ते अडकले तर पगार, डिझेल, सुटे भाग सगळंच अडतं. 2025 च्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा 10 हजार 322 कोटींच्या घरात दाखवला आहे. 2021-22 चा लांबलेला संप आपण सोसलाच. म्हणून परिवहन खात्याने महामंडळाला विचारणं पुरेसं नाही. विधिमंडळाने दोघांनाही विचारायला हवं. शासन आणि विधिमंडळ एक नव्हेत, हे बोलताना आपण फार लवकर विसरतो.

मग फाट्यावरच्या माणसाने काय करावं? त्याच्या हातात 2005 चा माहितीचा अधिकार आहे. 'एसटी का बिघडली' असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. कोणत्या अहवालातली कोणती शिफारस, ती कधी मान्य झाली, त्यावर कोणत्या तारखेला कोणता आदेश निघाला, त्याची प्रत द्या, असं मागा. हिंगोली जिल्हा 1999 साली वेगळा झाला खरा, पण कळमनुरी आगाराचा कारभार एसटीच्या परभणी विभागात येतो. तेव्हा आपल्या गाड्यांबद्दलचा अर्ज तिथल्या विभागीय कार्यालयाच्या नावे करा, आणि पोच घ्यायला विसरू नका.