रक्तवाहिनीअंतर्गत प्रतिमांकन आणि हृद्‌रोहिणीतील विकृती
हृद्‌रोहिणीच्या निदानात अँजिओग्राफीचे स्थान अबाधित आहे. परंतु ती रक्तप्रवाहाच्या पोकळीची केवळ छाया दाखविते, भित्ती नव्हे. मेदयुक्त थर साचताना रोहिणी बाहेरच्या बाजूस प्रसरण पावते व त्याने सुमारे ४० टक्के क्षेत्र व्यापेपर्यंत पोकळी अरुंद होत नाही, हे ग्लॅगोव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. साहजिकच ‘निर्दोष’ अँजिओग्राम फसवा ठरू शकतो. रोहिणीत सूक्ष्म नलिका सरकवून घेतलेली श्राव्यातीत ध्वनिप्रतिमा, म्हणजे आयव्हस, भित्तीचा छेदच समोर ठेवते. प्रकाशाधारित ओसीटीची सूक्ष्मता १० ते २० मायक्रॉन. त्यामुळे ६५ मायक्रॉनहून पातळ, फुटण्याचा संभव असलेले आवरणही मोजता येते. मात्र प्रकाश एक-दोन मिलिमीटरच आत शिरतो आणि रक्त क्षणभर दूर सारण्यास सामान्यतः कॉन्ट्रास्ट द्रव लागतो. मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांत ही बाब क्षुल्लक नव्हे.