चिमटीतही न येणारं मीठ

गुजरातमधल्या जामनगरच्या दोन रिफायनऱ्या मिळून रोज सुमारे 12 लाख 40 हजार बॅरल कच्चं तेल रिचवू शकतात. बॅरल 159 लिटरचं, म्हणजे जवळजवळ 20 कोटी लिटर. जमिनीच्या पोटातून तेल येतं ते खारं पाणी सोबत घेऊनच. त्यातलं मीठ मोजायचं माप अजूनही जुनंच आहे: हजार बॅरलमागे किती पौंड. समजा, 20 पौंड. लिटरमागे ते जेमतेम 57 मिलिग्रॅम भरतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅम असतं. पण 20 कोटी लिटरचा हिशेब केला की रोजचं 11 टनांहून जास्त मीठ होतं.

साध्या मिठाचं फारसं भय नाही. खरा घात करतं त्याच्यासोबतचं मॅग्नेशियम क्लोराइड. भट्टीत साडेतीनशे अंशांच्या आसपास त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. कोरडा असतो तोवर तो निमूट वर चढतो. तेलाचं ऊर्ध्वपातन करणाऱ्या मनोऱ्याच्या माथ्याशी वाफेचं पाणी झालं की मात्र त्यात विरघळून आम्ल होतो आणि कंडेन्सरच्या नळ्या खातो.

म्हणून तेल आधी धुतात. 120 ते 150 अंशांना तापवून त्यात शेकडा 5 या हिशेबाने कमी क्षारांचं पाणी सोडायचं म्हटलं, तर जामनगरच्या आकड्यावर रोज सुमारे 1 कोटी लिटर लागेल. हे पाणी तेलात बारीक फोडावं लागतं, नाहीतर मिठापर्यंत ते पोचतच नाही. 10 मायक्रॉनचे थेंब धरले तर एका लिटरात ते 1 लाख 90 हजार कोटी होतात, आणि त्यांचा एकत्रित पृष्ठभाग 600 चौरस मीटर. कोटी लिटरचा 6,000 चौरस किलोमीटर! अख्खं गोवा राज्य 3,702 चौरस किलोमीटरचं आहे.

आता हेच थेंब परत गोळा करायचे. पाण्याच्या दहापट दाट तेलात एवढासा थेंब दिवसभरात सात-आठ सेंटिमीटर खाली उतरतो. व्यास दहापट झाला, की वेग शंभरपट. या सगळ्या आकड्यांत मला हाच सर्वांत विलक्षण वाटतो. तेल तापवून पातळ करतात ते हा वेग वाढवण्यासाठीच, आणि डिसॉल्टरच्या, म्हणजे मीठ काढायच्या, टाकीत 20-25 हजार व्होल्टचा दाब देतात तोही त्यासाठीच. विजेच्या ओढीने थेंब एकमेकांवर आदळतात, एकमेकांत मिसळतात, जड होऊन तळाशी बसतात. कॅलिफोर्नियातले रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल यांनी विजेने तेलातलं पाणी काढायच्या या युक्तीचं पेटंट 1911 साली घेतलं.

धुतल्यावर हजार बॅरलमागे 1 पौंड मीठ उरलं, तरी जामनगरला ते रोज 560 किलो होईल. तेवढ्यासाठी तेलात थोडा कॉस्टिक सोडा सोडतात, आणि मनोऱ्याच्या माथ्याशी अमोनिया किंवा अमाइन.