वजन किती, याच्या पुढचा प्रश्न

नुकत्याच जन्मलेल्या बाळाला काखेत धरून उभं केलं आणि तळपाय पलंगाला टेकवले की ते एकामागून एक पाय उचलतं. दोनेक महिन्यांत ही पावलं नाहीशी होतात. पुन्हा दिसतात ती वर्षाच्या आसपास, बाळ खरोखर चालायला लागतं तेव्हा. मधल्या काळात ती जातात कुठे? याचं बराच काळ मान्य असलेलं उत्तर असं की मेंदू पिकत जातो आणि ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया दाबून टाकतो. अर्नोल्ड गेझेल, मर्टल मॅकग्रॉ या बालविकासाच्या अभ्यासकांपासून मुलांच्या हालचालींचा सगळा हिशोब मज्जासंस्थेच्या खात्यावर मांडला जात होता. बाळाचं अंग कशाचं बनलं आहे, हे त्यात कुणी विचारत नव्हतं.

ते विचारलं एस्थर थेलन या अमेरिकी संशोधिकेनं. उभं धरल्यावर पाऊल न टाकणारं बाळ उताणं ठेवलं की मात्र जोरजोरात पाय झाडतं, आणि दोन्ही हालचालींची घडण जवळपास एकच असते, हे तिनं टिपलं. मेंदूनं एक बंद केली असेल तर दुसरी चालू कशी राहते? १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिनं आणि सहकाऱ्यांनी चार आठवड्यांच्या बाळांच्या पायांना छोटी वजनं बांधली. पुढच्या दोन आठवड्यांत अंगावर जेवढं चढणार, त्या प्रमाणातच. पावलं कमी झाली. मग बाळांना पाण्यात उभं धरलं, पायांचा भार पाण्यानं पेलला, आणि पावलं वाढली. मेंदू तोच, बाळ तेच. पहिल्या महिन्यांत पायांवर चरबी भराभर चढते, स्नायूंचं बळ त्या वेगानं वाढत नाही. उभ्यानं पाय उचलणं बाळाला जड जातं, एवढंच. इतक्या साध्या साधनांनी इतकी मुरलेली समजूत हलवणारे प्रयोग फार थोडे असतील.

अंग कशाचं बनलं आहे, या प्रश्नाची दुसरी बाजू पुढे पुण्याजवळच्या सहा खेड्यांत उघडी पडली. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बायकांची गरोदर होण्याआधीपासून नोंद ठेवायला सुरुवात केली: काय खातात, किती पाणी वाहतात, शेतात किती राबतात. बाळ जन्मलं की वजन-उंचीवर न थांबता दंडाचा घेर, पोटाचा घेर घ्यायचा आणि पाठीवर खांद्याच्या हाडाखालची कातडी कॅलिपरच्या चिमटीत धरून तिची जाडी मोजायची. २००३ मध्ये ही मापं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशेजारी ठेवली गेली. तिथलं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, इथलं दोन किलो सातशे ग्रॅमचं. आपलं बाळ जवळपास प्रत्येक मापात लहान होतं, पण सारख्या प्रमाणात नव्हे. स्नायू आणि पोटातले अवयव बरेच कमी पडले होते, पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र बऱ्यापैकी शाबूत होती. दिसायला किडकिडीत, प्रमाणात चरबीचं.

या निष्कर्षाची चर्चा आपल्याकडे झाली ती मधुमेहाच्या अंगानं. ते योग्यच होतं, पण त्या गदारोळात स्नायूंची गोष्ट मागे पडली, असं मला वाटतं. मान धरणं, पालथं पडणं, बसतं होणं, रांगणं, धरून उभं राहणं, ही सगळी स्नायूंची कामं आहेत. म्हैसूरच्या ‘पार्थेनन’ नावाच्या अभ्यासात नऊ वर्षांच्या मुलांच्या मुठीची पकड मोजली, तेव्हा जन्मतः दंडात ज्यांचा स्नायू जास्त होता त्यांची पकड अधिक भरली. जन्मतःच्या चरबीचा पकडीशी तसा संबंध दिसला नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातल्या बाळांचा अभ्यास आला. त्यात जादा वजनाच्या बाळांमध्ये हालचालींचे टप्पे मागे पडण्याची शक्यता जास्त दिसली, आणि कातडीखाली चरबी जास्त असलेल्यांमध्ये त्याहूनही जास्त. ‘अंगानं जड आहे, उशिरा चालेल’ असं घरातली म्हातारी माणसं म्हणतात, त्यात तथ्य आहे. गुटगुटीत बाळाला बक्षीस देणाऱ्या स्पर्धांनी त्याकडे कधी पाहिलं नाही.

बालवाडीच्या वयात हे चित्र आणखी गुंततं. धावणं, उडी मारणं, एका पायावर लंगडणं यांत अंगावरची चरबी आड येते. चेंडू फेकण्या-झेलण्यात तितकी नाही, कारण तिथे स्वतःचा भार उचलायचा नसतो. संशोधक डेव्हिड स्टॉडन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यातलं दुष्टचक्र मांडलं. ज्याला नीट धावता येत नाही ते मूल खेळातून बाजूला होतं, बाजूला झाल्यानं हालचाल घटते, वजन चढतं, आणि धावणं आणखी अवघड होतं. यात सुरुवात नेमकी चरबीपासून की कौशल्यापासून, हे वेगळं काढता येत नाही. वयाबरोबर दोन्ही एकमेकांना ओढतात.

आपल्या अंगणवाडीत मात्र कमी वजन हीच काळजी राहिली, आणि कुपोषणाची आपली परिस्थिती पाहता ती असायलाच हवी. माझी तक्रार उपायाबद्दल आहे. वजन भरलं की काम झालं, असं धरलं तर पुण्याच्या त्या बाळाच्या अंगावर गोड-तेलकट खाऊ घालूनही किलो चढेल, पण ते बहुतेक चरबीचंच. डाळ, अंडं, दूध, पालेभाजी आणि त्याबरोबर रोज लोळायला, चढायला, पळायला जागा मिळाली तर त्यातलं काही स्नायूंत उतरेल. पुण्याच्या त्याच अभ्यासात, गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या वारंवार खाणाऱ्या आयांची बाळं आकारानं मोठी भरली होती. म्हणजे ही सुरुवात पाळण्याच्याही आधी होते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये मुलांच्या वाढीचे नवे आलेख दिले, त्याच प्रकल्पातून हालचालींचे सहा टप्पेही दिले. भारतासह पाच देशांतल्या मुलांवरून ठरवलेले. आधाराशिवाय चालणं आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही येऊ शकतं, इतकी मोकळीक त्यात आहे; उशिरा चालणाऱ्या बाळाच्या आईला घाबरवण्यापूर्वी ती जरूर सांगावी. आपल्या माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाचा आलेख आहे आणि टप्प्यांची चित्रंही आहेत. मी पाहिलेल्या कार्डांवर आलेखावरची टिंबं नियमित पडलेली असतात, चित्रांपाशी खूण क्वचितच. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला, त्यात खेळ आणि हालचाल आता सेविकेच्या कामाचा भाग झाली आहे. त्या खेळाला लागणारं अंगण मात्र एका भाड्याच्या खोलीत भरणाऱ्या अंगणवाडीकडे नाही, आणि ते कुणी द्यायचं हे अजून ठरायचं आहे.