रोमंथी पशूंच्या पचनाचा शस्त्रक्रियेनें झालेला शोध

रवंथ करणाऱ्या पशूंच्या जठराचे चार कप्पे असतात, हें ॲरिस्टॉटलानें आपल्या प्राणिविषयक ग्रंथांत नमूद केलें आहे. परंतु मेलेल्या पशूवरून रचना कळते, क्रिया कळत नाहीं. पहिल्या मोठ्या कप्प्यांत, म्हणजे रोमंथिकेंत, चाऱ्याचें काय होतें याचा निर्णय जिवंत पशूवरच होणें प्राप्त होतें. तो कसा झाला, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

फ्रान्समध्यें फ्लूरां यानें १८३० नंतरच्या दशकांत मेंढ्यांच्या जठरास बाहेरून छिद्रें पाडून रवंथाची क्रिया तपासली. अशा छिद्रास सुश्रुताच्या परिभाषेंत कृत्रिम नाडीव्रण म्हणतां येईल. पुढें रूढ झालेली रीत अशी : डाव्या कुशीस छेद घेऊन रोमंथिकेची भिंत कातड्यास शिवावयाची, जखम जुळून आल्यावर तेथें छिद्र पाडावयाचें, व त्यांत बूच असलेली नळी बसवावयाची. अगोदर शिवण व मागाहून छिद्र, हा क्रम सोडल्यास आंतील आंबलेला चारा उदरपोकळींत सांडून पशु दगावण्याचें भय असतें. बरी झालेली मेंढी पूर्ववत् चरते व रवंथ करते.

अमेरिकेंत शाल्क व आमाडन यांनीं अशाच वाटेनें गाईच्या रोमंथिकेच्या हालचाली पाहिल्या. त्यांचा वृत्तांत १९२८ सालीं प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेंत ऑन्डरस्टेपूर्ट येथें क्विन व त्याचे सहकारी (१९३८) यांनीं चारा रेशमी पिशवींत भरून मेंढीच्या रोमंथिकेंत सोडला, व ती बाहेर काढून किती चारा पचला तें पाहिलें.

तथापि केवळ छिद्रानें एक प्रश्न सुटेना. सूक्ष्म जंतूंच्या योगानें चारा आंबून बाष्पशील अम्लें होतात, हें टाप्पायनर यानें १८८४ त दाखविलें होतें. पण तीं रक्तांत शिरतात कोठून? रोमंथिकेचें अस्तर कातड्यासारखें जाड. म्हणून तेथून शोषण होत नसावें, ती केवळ चाऱ्याचें कोठार होय, असा बहुतेकांचा समज होता. केंब्रिज येथें बारक्रॉफ्ट, मॅकॅनली व फिलिप्सन यांनीं मेंढ्यांच्या शिरा उघड्या करून निरनिराळ्या भागांकडून येणारें रक्त वेगवेगळें तपासलें. रोमंथिकेकडील रक्तांत हीं अम्लें विपुल, तर लहान आंतड्याकडील रक्तांत अत्यल्प आढळलीं. त्यांच्या १९४४ सालच्या लेखानें कोठाराचा पक्ष निकालांत निघाला. मेंढीस मिळणाऱ्या शक्तीचा निम्म्याहून अधिक भाग याच अम्लांचा असतो, असें आज मानतात.

सारांश, संग्रहांतील जुन्या पशुवैद्यकीय ग्रंथांत रोमंथिकेस निव्वळ कोठार म्हटलेलें आढळल्यास लेखकास दोष देऊं नये. त्याच्यापुढें जठराची साक्ष होती, रक्ताची साक्ष अद्याप व्हावयाची होती.